आकड्याच्या जुगारातील अदृश्य कपात

जालना जिल्ह्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. शेतमालाच्या व्यवहारात वजन, भाव आणि हमाली-तोलाईची कपात हिशेबपट्टीवर नोंदली जाते. आकड्याच्या जुगारात कपात होते, परंतु तिची नोंद खेळणाऱ्याच्या हाती पडत नाही. मटक्याच्या इतिहासावरून हा भेद स्पष्ट होतो.

मुंबईत प्रारंभी न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून तारेने येणाऱ्या भावांच्या आकड्यांवर पैजा लागत. तो मार्ग १९६१ मध्ये खुंटल्यावर १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला. आकडा काढण्याचे साधन बदलले; चालकाच्या लाभाचे तत्त्व तेच राहिले.

शून्य ते नऊ या दहा आकड्यांवर प्रत्येकी एक रुपया लागला, तर दहा रुपये जमतात. रुपयास नऊ या रूढ दराने जिंकणाऱ्यास नऊ मिळतात व एक चालकाकडे उरतो. शंभर जोड्यांवर नव्वदाचा दर असताही शेकडा दहाच उरतात. सोडत सर्वस्वी निर्दोष असली तरी ही कपात टळत नाही. हाती आलेली रक्कम पुनःपुन्हा लावल्यास दहा फेऱ्यांअंती शंभरांपैकी सरासरीने सुमारे ३५ रुपये शिल्लक राहतात.

ऑनलाइन बिंगोतही तिकिटांची जमा आणि वाटलेली बक्षिसे यांतील अंतर हेच चालकाचे उत्पन्न होय. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने जुगाराच्या अड्ड्यांना, तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. खेळणारा मात्र आपल्या हानीचा दोष दैवास देतो. ती दरातच आधी लिहिलेली असते.