शाळा सुटली, कार्टून लागलं

लातूर-नांदेडकडच्या पस्तिशीतल्या कुणालाही लहानपणीची संध्याकाळ विचारा. दप्तर कोपऱ्यात भिरकावलेलं, हातपाय धुवायचा पत्ता नाही, मांडीवर सुशीला या पदार्थाची ताटली आणि समोर टॉम अँड जेरी. भिजवून फोडणीला घातलेले मुरमुरे गार होऊन जायचे, पण नजर पडद्यावरून हलत नसे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यासारखा वाटणारा हा रिवाज फार जुना नाही; त्याची जन्मतारीखही सांगता येते.

ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला. त्याच महिन्यात देशाच्या टीव्हीला रंग आला. पुढे छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली आणि दूरदर्शन गावोगावी पोचलं. पण चॅनल एकच. बातम्या, शेती, सिनेमा यांतून उरलेला वेळ मुलांचा, म्हणून कार्टूनची खरी पंगत रविवारी बसायची. १९९३ साली मोगली आला तोही रविवारीच. मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनची, हिंदी गाणं गुलजारांचं आणि शेरखानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा.

१ मे १९९५ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, कार्टून नेटवर्क भारतात सुरू झालं. रोज कार्टून! केबलची वायर गच्चीवरून घरात आली आणि आठवड्याची वाट पाहणं संपलं.

तरी वेळेची चणचण होतीच. सुरुवातीची काही वर्षं दिवसा कार्टून आणि संध्याकाळनंतर त्याच चॅनलवर टीएनटीचे जुने इंग्रजी सिनेमे, अशी वाटणी होती. शाळेतून धावत यावं, थोडं बघून होतंय तोच पडद्यावर कृष्णधवल माणसं इंग्रजीत बोलू लागत. २००१ मध्ये कार्टून चोवीस तास झालं. त्याआधीच, १९९९ च्या सुमारास, ते हिंदी बोलू लागलं होतं. गल्लीत दखनी ऐकत वाढलेल्या मराठवाड्यातल्या पोरांना ती हिंदी जड गेली नाही.

पण आता आडवी आली ती शिकवणी. परीक्षेच्या कसून तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’च्या या मुलखात अभ्यासाची घाई मुलांना लवकरच गाठते. त्यात भारनियमन. जेरी बिळात शिरायला आणि लाइट जायला एकच गाठ. मग पोरं ओट्यावर जमून पुढे काय झालं असेल ते आपसात रचत बसत. पोटभर कधीच मिळालं नाही, म्हणूनच त्या थोड्या वेळाची आठवण इतकी पक्की राहिली.

२००८ मध्ये पोगोवर छोटा भीम आला आणि लाडू खाणारा आपल्याकडचा नायक पोरांना मिळाला. तो घडला हैदराबादेत, ग्रीन गोल्डच्या स्टुडिओत. १९५६ पर्यंत नांदेड आणि लातूर ज्या राज्यात होते, त्याची राजधानी हेच शहर होतं.