गोड चवीचे विष

बनावट औषधांचा विषय निघाला की आपण लगेच ग्राहकाला शहाणपण शिकवू लागतो: पावती घ्या, बॅच क्रमांक पाहा, वेष्टन न्याहाळा. सल्ला वावगा नाही. परंतु १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जे घडले ते आठवले की तो आम्हांस फार तोकडा वाटतो.

मेंदूच्या व डोळ्यांच्या विकारांत आतला दाब उतरावा म्हणून तेथे रुग्णांना ग्लिसरॉल दिले जाई. त्या दिवसांत ते घेतलेल्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. १४ रुग्ण दगावले. औषधी म्हणून वॉर्डात पोचलेले ते ग्लिसरॉल मुळात कारखान्यांत वापरायचे होते आणि त्यात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेले होते. हे द्रव्यही रंगहीन, दाटसर आणि (दुर्दैवाने) गोडच. दोहोंतला भेद डोळ्यांना वा जिभेला कळत नाही, तो प्रयोगशाळेतच उमगतो. खाटेवर पडलेल्या रुग्णाने कोणते वेष्टन न्याहाळायचे होते?

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाची थोरवी ही की ते विषाचे नाव सांगून थांबले नाहीत. खरेदी आणि परवान्यांच्या कागदांचा माग काढीत ते रुग्णालयातून औषध प्रशासनापर्यंत आणि तेथून थेट मंत्र्यांपर्यंत गेले. अहवालानंतर आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले.

अज्ञानाची सबब तर नव्हतीच. १९३७ साली अमेरिकेत याच द्रव्यात सल्फानिलामाइड विरघळवून विकले गेले आणि शंभरावर माणसे मेली, त्यांत पुष्कळ मुले होती. औषध तपासूनच विकावे असा कायदा तेव्हा तेथे नव्हता. उत्पादकावर खटला भरला तो 'एलिक्झिर' म्हणवूनही त्यात मद्यार्क नव्हता, या कारणासाठी! पुढच्याच वर्षी तेथे नवा कायदा झाला. आपल्याकडे औषध कायदा १९४० साली आला, तरीही १९७३ साली मद्रासमध्ये याच विषाने मुले दगावली.

आणि २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा. खोकल्याच्या 'कोल्ड्रिफ' औषधाच्या नमुन्यात डायएथिलिन ग्लायकॉल निघाले ४८.६ टक्के. वीसहून अधिक बालके गेली. ते औषध आईबापांनी कोणा भोंदूकडून आणलेले नव्हते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, औषधांच्या दुकानातून, पैसे मोजून घेतलेले होते.