निरोप्या आणि रणनीतिज्ञ : कावानाकाजिमाच्या आख्यानाविषयी

सोळाव्या शतकातील जपानमध्ये काइ प्रांताचा अधिपती ताकेदा शिंगेन आणि एचिगोचा उएसुगी केनशिन यांच्यातील वैर कावानाकाजिमा या एकाच रणभूमीशी निगडित झाले आहे. साइ व चिकुमा या नद्यांच्या संगमालगतच्या या मैदानात १५५३, १५५५, १५५७, १५६१ आणि १५६४ असा पाच वेळा उभय घराण्यांत संघर्ष झाला. वैराचे कारण भौगोलिक होते. शिंगेन शिनानो प्रांत टप्प्याटप्प्याने जिंकत होता. तेथील मुराकामी योशिकियो १५५३ मध्ये एचिगोच्या आश्रयास गेला आणि ताकेदांची सरहद्द केनशिनच्या कासुगायामा किल्ल्याच्या दिशेने सरकू लागली. १५६१ च्या लढाईत शिंगेनचा धाकटा भाऊ नोबुशिगे मारला गेला. निर्णायक विजय कोणालाच लाभला नाही. उत्तर शिनानोचा बराचसा भाग मात्र ताकेदांकडे राहिला.

या प्रादेशिक संघर्षाला दोन तुल्यबळ वीरांच्या द्वंद्वाचे रूप प्राप्त झाले, ते मुख्यत्वे 'कोयो गुनकान' या ग्रंथामुळे. परंपरेनुसार तो ताकेदांचा सेनानी कोसाका मासानोबु याच्या कथनावर आधारलेला असून सतराव्या शतकाच्या आरंभी ओबाता कागेनोरीने त्याची जुळणी केली. घोडेस्वार शत्रूचे तलवारीचे वार शिंगेन आपल्या युद्धपंख्यावर झेलतो, हा प्रसंग याच ग्रंथाने रूढ केला. वस्तुतः 'केनशिन' हे नामाभिधानही त्या वीराने १५७० मध्ये, म्हणजे पाचही लढायांनंतर स्वीकारले. आख्यानाला स्थिर नायक हवे असतात. इतिहासातील नावे बदलत असतात.

१८९१ मध्ये तानाका योशिनारी या इतिहासकाराने या ग्रंथाचे प्रामाण्य नाकारले. त्यानंतर शिंगेनचा एकाक्ष रणनीतिज्ञ यामामोतो कान्सुके हाही काल्पनिक मानला जाऊ लागला, कारण समकालीन कागदपत्रांत त्याचा निर्देश नव्हता. १९६९ मध्ये होक्काइदोतील कुशिरो येथे इचिकावा घराण्याच्या दप्तरात शिंगेनचे १५५७ चे एक पत्र उजेडात आले. अधिक तपशील यामामोतो कान्सुके तोंडी सांगेल, असे त्यात नमूद आहे. नावातील एक लिपिचिन्ह वेगळे आहे, उच्चार तोच.

या पत्राने ग्रंथाला निर्दोष ठरवले, असे म्हणणे घाईचे होईल. पत्रातील कान्सुके विश्वासू निरोप्या आहे. ग्रंथातील कान्सुके युद्धाची योजना आखणारा आहे. तथापि, दप्तरातील मौन म्हणजे अनस्तित्वाचा पुरावा, हे गृहीतकही या पत्राने मोडीत काढले. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते निरोप्या आणि रणनीतिज्ञ यांच्यातील अंतर. ते कसे भरले गेले, यात ग्रंथाची प्रेरणा दडली आहे.

१५७५ मध्ये नागाशिनो येथे ओदा व तोकुगावा यांच्या सैन्याने ताकेदांचा पराभव केला आणि १५८२ मध्ये हे घराणे नष्ट झाले. ऱ्हासाच्या छायेतील स्मृतीला बुद्धिमान सल्लागार आणि तोलामोलाचा शत्रू, दोहोंची गरज होती. विनाश करणाऱ्यापेक्षा बरोबरीने लढणारा शत्रू स्मृतीला अधिक जवळचा वाटतो. म्हणूनच 'कोयो गुनकान'ला केवळ खरे-खोटे ठरवून बाजूस सारणे अपुरे आहे. पराभूत घराण्याने आपल्या भूतकाळाला कोणता घाट दिला, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधताना दप्तराइतकेच आख्यानाच्या रचनेचे वाचन अपरिहार्य ठरते.