दाणा धरला की वीज अडते

1880 च्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू पट्ट्यात ऊस वाढला. पाठोपाठ गुऱ्हाळं आली. काहिलीतल्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, बोटांत गोळी वळायची. ती ठीक वाटली की गुळव्या काहील उतरवायला सांगे. तापमापक कुणाकडे नव्हता आणि त्यावाचून गुळव्याचं काही अडतही नव्हतं.

1930 च्या दशकात वालचंदनगरला साखर कारखाना उभा राहिला. पुढे सहकाराच्या लाटेत भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना. काहिलीची जागा व्हॅक्यूम पॅनने घेतली, गुळव्याची पॅनमनने. तो सळईने नमुना काढून काचेवर पसरतो आणि उजेडाकडे धरून दाणा बघतो.

1930 च्याच दशकात जावातल्या साखर-तंत्रज्ञांनी पॅनमध्ये विजेचे दोन ध्रुव सोडले. साखर वीज वाहून नेत नाही. ते काम उसाच्या रसातले पोटॅशियमसारखे क्षार करतात. पाक दाट होत गेला, की त्यांची वाट चिकट होते आणि प्रवाह घटतो. दाणे धरले की आणखी अडथळा, कारण प्रत्येक स्फटिक म्हणजे वाटेतला दगडच.

नको तेव्हा बारीक ‘खोटा दाणा’ पडला, तर पॅनमन पाणी सोडतो. दाणा विरघळतो, पाक सैल होतो आणि प्रवाह मोजणारा काटा पुन्हा वर चढतो.

काटा आला तरी काचेची पट्टी काही गेली नाही. मळी चिकट असली, तर तोच आकडा वेगळंच सांगतो. मग नजर परत काचेवर.