शून्य-एकमधून 'आई': मुलांचा जावा प्रोग्रॅम सुधारताना

जावा शिकणारी आपली मुले सुरुवातीलाच एक छोटा प्रोग्रॅम लिहितात: ० आणि १ची ओळ द्यायची आणि तिच्यातून शब्द काढायचा. इंग्रजीला तो छान चालतो. 'आई'चे बायनरी दिले की पडद्यावर भलतीच चिन्हे उमटतात, आणि "कॉम्प्युटरला मराठी येत नाही" असा समज करून मूल पुढे जाते. दोष मराठीचा नाही, प्रोग्रॅमचा आहे.

नेहमीचा प्रोग्रॅम आठ-आठ अंकांचे तुकडे पाडतो, पार्सइंटला पाया २ देऊन प्रत्येकाची संख्या करतो आणि ती 'कॅर'मध्ये कास्ट करून स्ट्रिंगला जोडतो. ०१०००००१ म्हणजे ६५, म्हणजे कॅपिटल 'ए'. यात एक बाइट म्हणजे एक अक्षर हे गृहीत धरले आहे. यूटीएफ-८मध्ये ते साध्या इंग्रजीपुरतेच खरे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, काना-वेलांटीलासुद्धा वेगळे तीन! 'आ' असा साठवला जातो: १११००००० १०१००१०० १००००११०. 'आई'चे झाले ४८ अंक. ते सहा सुटी अक्षरे म्हणून वाचले की डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन 'ए' पुन्हा पुन्हा दिसतो. जुन्या मराठी ईमेलमध्ये हा कचरा अनेकांनी पाहिला असेल, कारण तेच.

म्हणून अक्षरे एकेक करून बनवू नका. आधी सगळे तुकडे बाइटच्या ॲरेमध्ये भरा, मग संपूर्ण ॲरेची एकदाच नवी स्ट्रिंग करा आणि सोबत 'स्टँडर्डकॅरसेट्स'मधले यूटीएफ-८ द्या (ही सोय जावा ७पासून, म्हणजे २०११पासून आहे). हे नाव न देताही चालते, पण जावा १८च्या (२०२२) आधीच्या आवृत्त्या तेव्हा त्या मशीनचे डिफॉल्ट घेतात. मग तोच प्रोग्रॅम एका लॅपटॉपवर बरोबर आणि दुसऱ्यावर चूक.

इथे 'पार्सबाइट' वापरण्याचा मोह होतो. जावाचा बाइट १२७पर्यंतच जातो आणि १११००००० म्हणजे २२४, त्यामुळे एरर येते. पार्सइंटच वापरून निकाल बाइटमध्ये कास्ट करावा.

बाकी किरकोळ: मोकळ्या जागा आधी काढा आणि अंकांची संख्या ८ने भागली जाते का ते तपासा. उलट दिशेने जाताना 'टूबायनरीस्ट्रिंग' सुरुवातीची शून्ये गाळते, 'ए'चे सातच अंक देते. ते शून्य परत लावावे लागते.

आणि एक गंमत. पार्सइंटला देवनागरी ० आणि १ दिले तरी कळतात. मुलांना करून बघू द्या.