संघ कुणाच्या नावावर

साल १९५८. नाशिकरोडच्या फलाटावर तुम्ही उभे आहात. पंचवटी एक्स्प्रेस सुरू व्हायला अजून सतरा वर्षं आहेत, म्हणून मिळेल त्या पॅसेंजरमध्ये घुसायचं. खिडकीतून कोळशाचे कण डोळ्यांत जातात. देवळालीला तोफखान्याचे जवान चढतात, ट्रंका दारातच ठेवतात आणि कुणाला आत येऊ देत नाहीत. इगतपुरीला वाफेचं इंजिन सुटतं, विजेचं लागतं आणि गाडी थळ घाट उतरू लागते. बोरीबंदरला पोचेपर्यंत तुमचा सदरा काळवंडलेला असतो.

भिंतींवर जागोजागी संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चुन्याने रंगवलेल्या आहेत. ट्रामच्या घंटा ऐकत, ओव्हलच्या ताडांखालून तुम्ही कूपरेजला पोचता. आत रोव्हर्स चषकाचा सामना आहे, बाहेर तिकिटावाचून राहिलेली पोरं झाडांवर चढली आहेत. कॅलटेक्स या तेल कंपनीचा संघ मैदानात उतरतो तेव्हा शेजारचा कारकून तुमच्या खांद्याला धरून दाखवतो, "तो बघा नेव्हिल." नेव्हिल डिसोझा. दोनच वर्षांपूर्वी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने तीन गोल मारले, भारत ४–२ने जिंकला आणि स्पर्धेत चौथा आला. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. त्याच्या पायाशी चेंडू आला की कूपरेजवरचं बोलणं थांबतं.

सामना तुम्हाला आखूड वाटेल. आपल्याकडे या काळात सत्तर मिनिटांचाच खेळ असतो. पण तेवढ्या वेळात शेजारचा कारकून तुम्हाला मुंबईच्या फुटबॉलचं सगळं गणित सांगून टाकतो. टाटा, बर्मा-शेल, कॅलटेक्स, रेल्वे: हारवूड लीगच्या तक्त्यातली ही नावं पगार देणाऱ्यांची आहेत. चांगला खेळणाऱ्याला कंपनी नोकरी देते. सकाळी टेबलावर फायली, दुपारनंतर सरावाला सूट. गुडघा गेला तरी नोकरी राहते, घरात पगार येत राहतो. गोरगरिबाच्या पोरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि आज आपण ती सहज विसरतो.

तुम्ही त्याला विचारता, त्याच्या आधी काय होतं? आधी पलटणी होत्या, तो म्हणतो. रोव्हर्स १८९१मध्ये सुरू झाली आणि पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने नेला. पुढची कित्येक वर्षं गोरे सोल्जरच जिंकत राहिले. १९२३ साली मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत आलं आणि हरलं. १९३७मध्ये बंगलोर मुस्लिम्सने चषक घेतला, तो हिंदी संघाच्या हाती आलेला पहिला. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलिसांनी तो कुणाला सोडलाच नाही. पलटणीची बदली झाली की तिचा संघही बोटीत बसून जायचा. कॅलटेक्सची कुठे बदली होणार आहे, असं म्हणून कारकून हसतो.

त्याला तुम्ही काही सांगू शकत नाही. या वर्षीचा चषक कॅलटेक्सच जिंकणार आहे, एवढं सांगितलंत तर तो आनंदाने नाचेल. पुढचं सांगू नका. सत्तरच्या दशकात सरकार परकीय तेल कंपन्या ताब्यात घेईल, बर्मा-शेलचं भारत पेट्रोलियम होईल, १९७८मध्ये कॅलटेक्स हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन होईल आणि ज्या नावाने तो ओरडतो आहे ते नाव पेट्रोल पंपांवरूनही उतरेल. मफतलाल, ऑर्के मिल्स हे त्यानंतर गाजलेले संघही तक्त्यावरून जातील. आणि २००१च्या सुमारास खुद्द रोव्हर्स थांबेल.

आता २००६मध्ये या. मैदान तेच, गर्दी विरळ. तुम्ही सातपूरच्या एमआयडीसीतून आला आहात, पंचवटीने, पासधारकांच्या डब्यात दाटीवाटीने बसून. तुमच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ बाहेर पडते आहे, आणि कूपरेजवर लाल जर्सीतला महिंद्रा युनायटेड खेळतो आहे. लोक त्यांना जीपवाले म्हणतात. १९६२मध्ये महिंद्रा अँड महिंद्राच्या नावाने उभा राहिलेला हा संघ. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. पुढे ब्राझीलचा बरेटो, बगलेवरून मुंबईचाच स्टीव्हन डायस. या हंगामात हा संघ राष्ट्रीय लीग जिंकतो. पुढच्या वर्षी आशियाई फुटबॉल संघटनेच्या चषकात उपांत्यपूर्व फेरी गाठतो. २००८मध्ये ड्युरँड चषक तिसऱ्यांदा आणतो.

डायस चेंडू घेऊन रेषेलगत धावतो तेव्हा तुम्ही उभे राहता. तुमच्या छातीवरच्या ओळखपत्रावर जे नाव आहे तेच त्याच्या छातीवर आहे. या नात्याची तुम्ही कुठे नोंद केलेली नाही, करायची असते हेही तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही त्याला "आपला संघ" म्हणता, बस्स.

मार्च २०१०. सातपूरचं कँटीन, दुसरी पाळी. कुणीतरी वर्तमानपत्राचं खेळाचं पान पुढे सरकवतं: हा हंगाम संपला की महिंद्रा युनायटेड बंद. कंपनी यापुढे शालेय फुटबॉलकडे लक्ष देणार आहे. खेळाडू दुसरीकडे जातील, प्रशिक्षकांनाही काम मिळेल. बातमी सभ्य भाषेत आहे आणि त्यात बेकायदा काहीच नाही. अठ्ठेचाळीस वर्षं ज्याने खर्च केला त्याने खर्च थांबवला. त्याबद्दल मी कंपनीला दोष देणार नाही, एवढी वर्षं फुटबॉलवर पैसा लावणारी घराणी आपल्याकडे किती होती?

पण त्या कँटीनमध्ये तुम्ही भाजीला हात न लावता बसून आहात, आणि तुम्हाला विचारायचं आहे: कुणाला भेटायचं? कोणत्या सभेत हात वर करायचा? सभा नाहीच. सभासद यादी नाही, वर्गणी नाही, ठरावाला विरोध नोंदवायला इतिवृत्तही नाही. ज्या संघासाठी तुम्ही चार तास दाटीवाटीने प्रवास केला त्याच्याशी तुमचं कागदावर काहीही नातं नव्हतं. गोव्यातही पुढे हेच दिसेल: २०१६मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला धेंपो आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडतील. त्यांची तक्रार महासंघाच्या धोरणाविषयी होती आणि ती बरीचशी रास्त होती. पण निर्णय मालकांनी घेतला आणि फातोर्ड्याच्या प्रेक्षकांनी तो वाचला. धेंपो २०२४मध्ये परत आला, तोही मालकाने ठरवलं म्हणून.

आता थोडं दूर जाऊ. २००४ची शरद ऋतूतली दुपार, जर्मनीतलं लाइपझिग. थंडी बोचते आहे. तुमच्या गळ्यात कुणीतरी निळा-पिवळा मफलर अडकवला आहे. शहराचं मोठं स्टेडियम विश्वचषकासाठी नुकतंच नव्याने बांधलं आहे आणि त्यात बारा हजारांवर माणसं जमली आहेत. कसला सामना आहे? अकराव्या पातळीवरचा. समोर एका लहानशा क्लबचा दुसरा संघ आहे. आपल्याकडे तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्या फेरीला जेवढे लोक येतील तेवढेच इथेही यायला हवेत.

झालं असं आहे की या शहराचा क्लब दिवाळखोरीत निघाला. साधासुधा क्लब नव्हता तो. जर्मनीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०३मध्ये ज्याने जिंकली तो व्हीएफबी लाइपझिग. पूर्व जर्मनीच्या काळात त्याचं नाव लोकोमोटिव्ह होतं आणि त्या नावाने तो १९८७मध्ये युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला होता, आयाक्सकडून एका गोलने हरला. भिंत पडली, पैसा पश्चिमेला होता, खेळाडू तिकडे गेले, जुनं नाव परत घेतलं, एक हंगाम बुंडेसलिगात काढला आणि कर्ज साठत गेलं. शेवटी कुलूप लागलं. तेव्हा काही पाठीराख्यांनी एकत्र बसून नवा क्लब नोंदवला, लोकोमोटिव्ह हे नाव पुन्हा लावलं आणि नियमाप्रमाणे अगदी तळातून सुरुवात केली.

तुमच्या शेजारची बाई गोल झाला की तुम्हाला मिठी मारते. तिच्याकडे सभासदत्वाचं कार्ड आहे. वार्षिक सभेत ती अध्यक्षाला उभं करून हिशेब विचारू शकते. यात तुम्हाला, नाशिककराला, परकं वाटावं असं काही नाही. १८४० सालचं आपलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना, असंच चालतं. सभासद वर्गणी भरतात, निवडणुकीत पॅनेल उभी राहतात, सावानाच्या कारभारावरून शहरात भांडणं होतात, आणि पावणेदोनशे वर्षं उलटून गेली तरी ग्रंथालय उभं आहे. पुस्तकांसाठी आपण जे केलं ते चेंडूसाठी कधी करून पाहिलं नाही.

म्हणून जर्मनीत सगळं छान आहे असं समजू नका. तिथले जुने क्लब एकामागून एक घसरले आहेत. २०१८च्या १२ मे रोजी हांबुर्गच्या स्टेडियममध्ये उभे राहा. कोपऱ्यात एक घड्याळ आहे, ते हा क्लब पहिल्या श्रेणीत किती वर्षं, दिवस, तास टिकला ते मोजतं. १९६३पासून एकदाही खाली न गेलेला हा एकमेव क्लब. १९८३चा युरोपचा विजेता. आज तो आपला सामना २–१ने जिंकतो आणि तरीही खाली जातो, कारण तिकडे वोल्फ्सबुर्गही जिंकलं आहे. वोल्फ्सबुर्ग हा फोक्सवॅगनचा क्लब. शेवटच्या मिनिटांत काळा धूर उठतो, मैदानावर फटाके पडतात, पोलीस ओळीने उभे राहतात, आणि उरलेलं स्टेडियम त्या धूर करणाऱ्यांनाच शिट्ट्या मारतं.

तिथल्या नियमाप्रमाणे क्लबच्या मतांपैकी अर्ध्याहून एक जास्त मत सभासदांच्या संस्थेकडे राहिलं पाहिजे. बायरचा लेव्हरकुसेन आणि फोक्सवॅगनचा वोल्फ्सबुर्ग हे त्याला दिलेले अपवाद. आणि लाइपझिगमध्ये २००९ साली एका पेय कंपनीने एका छोट्या क्लबची जागा घेऊन जो संघ काढला, त्यात मत देणारे सभासद मोजकेच ठेवले. ज्या स्टेडियममध्ये तुम्ही त्या बाईबरोबर नाचलात ते आता त्याच संघाचं घर आहे. तो बुंडेसलिगात खेळतो. लोकोमोटिव्ह चौथ्या श्रेणीत अडकून राहिला. २०२० आणि २०२५, दोन्ही वेळा गट जिंकूनही बढतीच्या सामन्यांत त्याची संधी हुकली. हांबुर्ग मात्र सात वर्षं खालच्या श्रेणीत, बऱ्याचदा पन्नास-पन्नास हजारांच्या गर्दीसमोर खेळला आणि २०२५मध्ये वर आला. सभासदांचा क्लब हरतो, कर्जात बुडतो, मूर्ख माणसं निवडून देतो. त्याला एका पत्रकाने बंद मात्र करता येत नाही.

आता घरच्या वाटेला लागा, पण नाशिकच्या आधी कोल्हापूरला उतरा. साल आजचं. शाहू स्टेडियमच्या पायऱ्या उन्हाने तापल्या आहेत. पाटाकडील तालीम मंडळ खेळतं आहे. दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस: या नावांत पगार देणारं एकही नाही, पेठा आणि तालमी आहेत. जिथे लाल मातीत कुस्ती चालायची तिथल्या पोरांनी चेंडू घेतला आणि तालमीचं नाव लावून खेळू लागली. आता नायजेरियाचे खेळाडूही आणतात, त्यासाठी पेठेत पैसे जमतात. भांडणंही पेठांची होतात, कधी दगडांपर्यंत जातात, आणि ते मला अजिबात आवडत नाही.

अडचण दुसरीही आहे. यातल्या एकाही तालमीने देशाची लीग जिंकलेली नाही. महिंद्राने जिंकली. कोल्हापूरचा अनिकेत जाधव १७ वर्षांखालील विश्वचषकात भारतासाठी खेळला, पण त्यासाठी त्याला कोल्हापूर सोडावं लागलं. पैसा आणि मैदानं कंपनीकडे असतात, हे खरंच आहे. पण मला निवड करायला सांगितलीत तर मी तालीम घेईन. तिला पैसा जोडता येईल. महिंद्राच्या मागे पेठ जोडायला मात्र २०१०मध्ये फार उशीर झाला होता.

सामना संपतो. पाटाकडील हरलं आहे. तालमीच्या कट्ट्यावर गोलकीपरचा उद्धार चालू आहे, पुढच्या हंगामात बचावाला कुणाला आणायचं यावर आवाज चढले आहेत. पन्नाशीचा एक माणूस वही घेऊन बसला आहे. तुमच्याकडे बघतो.

"कुठलं गाव?"

"नाशिक."

"मग तिकडं तुमचा संघ कुठला?"

तुम्ही महिंद्राचं सांगायला लागता. लाल जर्सी, डायस, बरेटो, आशियापर्यंत गेले होते ते. तो नीट ऐकून घेतो.

"ते कंपनीचं झालं. तुमचा कुठला?"

तुम्ही थांबलेले बघून तो वही मांडीवर उघडतो.

"बरं, नाव तरी सांगा पाव्हणं. पावती फाडतो."