रुळांतून धावणारा हुकूम

मॉडेल रेल्वेत फार वर्षं एकच कायदा होता: रुळात वीज जितकी, गाडीचा वेग तितका. मूठ फिरवली की व्होल्टेज वाढायचं, धन-ऋण उलटवलं की गाडी मागे जायची. एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदम निघणार. म्हणून हौशी मंडळी रूळ मध्येमध्ये तोडून त्याचे विभाग पाडत आणि प्रत्येक विभागाला वेगळी तार, वेगळं बटण देत. मांडणी जरा मोठी झाली की टेबलाखाली तारांचा गुंता, आणि गाडी चालवण्यापेक्षा बटणं सांभाळण्यातच जीव मेटाकुटीला.

यातून सुटायचा एक गाजलेला प्रयत्न अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकनं १९६३ च्या सुमारास केला. त्याच्या ‘ॲस्ट्रॅक’ या पद्धतीत रुळातल्या विजेवरच वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे संकेत चढवून पाच इंजिनं स्वतंत्र चालवता येत. १९७९ मध्ये ब्रिटनच्या हॉर्नबीनं ‘झिरो-१’ काढलं. त्यात टीएमएस-१००० ही चिप होती, आणि इंजिनं सोळा. जर्मनीच्या मार्कलिननं मोटोरोलाची रिमोट कंट्रोलसाठी बनलेली चिप उचलली. तिच्या चार अंकी पत्त्यात प्रत्येक अंकाला तीनच रूपं, म्हणजे ८१ पत्ते, वापरायला ८०. पण प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. एकाचं इंजिन दुसऱ्याच्या रुळावर बहिरं.

गीसनच्या बेर्न्ड लेन्झ यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मार्कलिन आणि आर्नोल्ड या कंपन्यांसाठी दोन रुळांच्या गाड्यांची डिजिटल पद्धत तयार केली. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशननं तिच्यावरच आपलं मानक उभारलं आणि १९९४ मध्ये ते मंजूर केलं. तीच आजची डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. माझ्या मते खरी क्रांती चिपची नव्हे, या सामाईक मानकाची.

डीसीसीत रुळाला वीज कायम पूर्ण मिळते, फक्त तिचं धन-ऋण सारखं उलटत राहतं. एका बाजूला ५८ मायक्रोसेकंद राहिली तर ‘१’, शंभर किंवा जास्त राहिली तर ‘०’. अशा बिटांच्या पुडक्यात आधी इंजिनाचा पत्ता, मग हुकूम, शेवटी पडताळणीचा आकडा. पडताळणी जुळली नाही तर इंजिनातला डिकोडर तो हुकूम गुपचूप टाकून देतो. रुळावर मळ साचला की जुनी गाडी नुसती अडखळायची. डिजिटल गाडी मात्र हुकूमच चुकवते किंवा डिकोडर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो. अशा वेळी सेटिंग बदलत बसण्याआधी रूळ आणि चाकं पुसावीत.

जुनं इंजिन डिजिटल करताना डिकोडरच्या लाल-काळ्या तारा चाकांकडून वीज घेतात, नारिंगी-करड्या मोटारीला जातात. खोच इथेच आहे. पुष्कळ जुन्या इंजिनांत मोटारीचा एक ब्रश थेट धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो, आणि सांगाडा एका रुळाला जोडलेला. तो ब्रश वेगळा न करता डिकोडर बसवला की रुळाची वीज मागच्या दारानं मोटारीच्या तारेत शिरते, आणि डिकोडर जळाल्याचा वास येतो. म्हणून जुनी जोडणी काढल्यावर मल्टिमीटर लावून पाहायचं: मोटारीच्या टोकापासून चाकापर्यंत वाट मिळता कामा नये. हे झाल्याशिवाय डिकोडरला हात लावू नये.

रुळांखालच्या वायरिंगची परीक्षा मात्र नाण्यानं होते. मांडणीच्या लांबच्या टोकाला दोन रुळांवर नाणं आडवं टेकवलं की रुळाला वीज पुरवणाऱ्या बूस्टरनं ताबडतोब ती तोडली पाहिजे. तोडली नाही तर तारा बारीक आहेत किंवा सांधे सैल. शॉर्ट असूनही प्रवाह बूस्टरच्या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही आणि रूळ तापत राहतो. जाड मुख्य तार टेबलाखालून फिरवून दर थोड्या अंतरावर तिच्यातून रुळाला फाटा दिला की हा रोग सहसा जातो.

गाडी वळसा घालून त्याच रुळावर उलटी परतते, त्या ‘लूप’मध्ये मात्र डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. तिथे लूपचा तुकडा दोन्ही टोकांना विलग करून त्याला ऑटो-रिव्हर्सर जोडतात. शॉर्ट दिसताच तो क्षणात तुकड्याचं धन-ऋण उलटवतो. इंजिनाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण त्यानं कुठल्या दिशेला जायचं हे आता धन-ऋणावर ठरत नाही.